डोळ्यांचे आरोग्य : तक्रार नसतानाही तपासणी आवश्यक

झाशीच्या राणीचे नाव धारण करणारे लक्ष्मीबाई नगर ही राजधानी दिल्लीतील केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजेच ‘एम्स’, आणि सफदरजंग रुग्णालय येथून जवळच आहेत. एम्सच्या आवारात १९६७ साली डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्राची स्थापना करण्यात आली. देशाच्या पहिल्या राष्ट्रपतींच्या नावाने ओळखले जाणारे हे केंद्र राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातील सर्वोच्च संस्था मानले जाते.

मात्र, उत्तम रुग्णालय जवळ असले तरी दृष्टी आपोआप सुरक्षित राहत नाही. दृष्टी हिरावून घेणारे अनेक विकार प्रारंभी वेदना देत नाहीत आणि लक्षणेही दाखवत नाहीत. तक्रार जाणवेपर्यंत काही वेळा कायमची हानी झालेली असते. त्यामुळे डोळ्यांची तपासणी त्रास सुरू होण्याची वाट न पाहता वयानुसार ठरावीक काळाने करून घेणे आवश्यक ठरते.

अंधत्व नियंत्रणाची वाटचाल

देशात १९६३ साली राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खुपरी हा पापणीच्या आतील बाजूस होणारा संसर्गजन्य विकार एके काळी अंधत्वाचे प्रमुख कारण होता. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम हाती घेण्यात आला. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारताने खुपरीचे उच्चाटन केल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिली.

राजेंद्र प्रसाद केंद्राने २०१५ ते २०१९ या काळात केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. २००६-०७ मध्ये ते १ टक्का होते. अर्थात, दरम्यानच्या काळात अंधत्वाची व्याख्याही बदलण्यात आली. पूर्वी चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/६० पेक्षा कमी असल्यास ते अंधत्व समजले जात असे. २०१७ पासून जागतिक निकषानुसार ३/६० ही मर्यादा स्वीकारण्यात आली. निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून ओळखता येणारे अक्षर ओळखण्यासाठी ३ मीटरपर्यंत जवळ यावे लागणे, असा या आकड्याचा अर्थ आहे.

याच सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के दिसून आले. पुरुषांमध्ये ते १.६७ टक्के, तर स्त्रियांमध्ये २.३१ टक्के होते. घरातील स्त्रियांच्या तपासणीकडे अधिक लक्ष देण्याची गरज या आकड्यांवरून स्पष्ट होते.

शाळकरी मुले : न सांगितलेली तक्रार

एम्सच्या नेत्रतज्ज्ञांनी दिल्लीतील शाळांमध्ये ५ ते १५ वर्षे वयोगटातील ९,८८४ मुलांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १३.१ टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे दूरचे अस्पष्ट दिसण्याचा दोष, असल्याचे आढळले. दोष असलेल्यांपैकी केवळ ३२० मुले, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश, योग्य चष्मा वापरत होती. देशातील सर्वोच्च नेत्रसंस्था ज्या शहरात आहे, तेथील हे चित्र आहे.

लहान मूल सहसा दिसत नसल्याची तक्रार करत नाही, कारण स्पष्ट दिसणे म्हणजे काय, हेच त्याला ठाऊक नसते. फळ्यावरील मजकूर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणे, दूरचित्रवाणी संचाच्या अगदी जवळ बसणे, डोळे बारीक करून पाहणे किंवा डोके वारंवार दुखणे ही दृष्टिदोषाची चिन्हे असू शकतात. एकाच डोळ्यात दोष असेल, तर दुसरा डोळा काम भागवतो आणि दोष झाकला जातो. अशा वेळी उपचार न झाल्यास मेंदू त्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा वापरेनासा होतो. यालाच ‘आळशी डोळा’ किंवा मंददृष्टी म्हणतात. बालवयात त्यावर चांगला उपचार होऊ शकतो. वय वाढते, तशी सुधारण्याची शक्यता कमी होत जाते.

दिल्लीतील या अभ्यासात दिवसाला पाच तासांहून अधिक वाचन, दोन तासांहून अधिक काळ दूरचित्रवाणी पाहणे आणि मोबाइल वा संगणकावरील खेळ यांचा लघुदृष्टीशी संबंध आढळला. आठवड्यातून १४ तासांहून अधिक काळ मैदानात खेळणाऱ्या मुलांमध्ये मात्र तिचे प्रमाण कमी होते. रोज सुमारे दोन तास मोकळ्या उजेडात खेळणे हा म्हणूनच डोळ्यांसाठी उपयुक्त उपाय समजला जातो.

काचबिंदू : शांतपणे होणारी हानी

चाळिशीच्या सुमारास जवळचे अक्षर अंधूक होऊ लागते. वाचनाच्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ हेच नाव पडले आहे. बहुतेक जण चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेतात आणि तपासणी पूर्ण झाली, असे समजतात. प्रत्यक्षात नंबर काढणे हा तपासणीचा केवळ एक भाग असतो.

काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नेत्रमज्जेची हळूहळू हानी होते. डोळ्यातील वाढलेला दाब हे त्याचे महत्त्वाचे कारण असते. तथापि, दाब सामान्य असतानाही हा विकार होऊ शकतो. सुरुवातीला बाजूची दृष्टी कमी होते आणि समोरचे स्पष्ट दिसत राहते. त्यामुळे रुग्ण वाचू शकतो, वाहन चालवू शकतो आणि त्याला काहीच जाणवत नाही. गेलेली दृष्टी परत मिळत नाही. उरलेली मात्र औषधाने किंवा शस्त्रक्रियेने राखता येते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार देशात ४० वर्षांवरील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता. आई, वडील अथवा भावंडांपैकी कोणाला हा विकार असल्यास धोका वाढतो.

मधुमेह आणि दृष्टिपटल

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या कमजोर होतात, त्यांतून द्राव किंवा रक्त झिरपते. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५० वर्षांवरील मधुमेहींपैकी १६.९ टक्के व्यक्तींमध्ये दृष्टिपटलाचा हा विकार आढळला. यातही प्रारंभी नजर उत्तम असू शकते. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे हा प्रतिबंधाचा पाया आहे. गरजेनुसार लेसर किंवा डोळ्यात देण्याच्या इंजेक्शनांनी दृष्टी वाचवता येते.

मोतीबिंदू : ‘पिकण्याची’ वाट नको

पन्नाशीनंतरच्या अंधत्वामागे ६६.२ टक्के रुग्णांमध्ये उपचार न झालेला मोतीबिंदू हे कारण असल्याचे सर्वेक्षणात दिसून आले. नेत्रभिंग गढूळ होण्याच्या या अवस्थेवर थेंबांचा उपाय नाही. शस्त्रक्रियेने गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवले जाते. मोतीबिंदू पूर्ण पिकल्यावरच शस्त्रक्रिया करावी, हा समज जुन्या काळातील आहे. दैनंदिन कामात अडथळा येऊ लागताच शस्त्रक्रिया करता येते, त्यासाठी थंडीच्या दिवसांची वाट पाहण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रात ही सेवा दुर्गम भागापर्यंत नेण्यात नेत्रशिबिरांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयातील नेत्रशल्यचिकित्सक डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ मध्ये पद्मश्री किताबाने गौरवण्यात आले.

पूर्ण तपासणीत काय पाहतात

पूर्ण तपासणीत प्रत्येक डोळ्याची दूरची व जवळची नजर स्वतंत्रपणे पाहिली जाते. त्यानंतर डोळ्यातील दाब मोजला जातो, विशेष सूक्ष्मदर्शकाखाली बुबुळ व भिंग तपासले जाते. बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटल आणि नेत्रमज्जेचीही पाहणी केली जाते. या थेंबांमुळे काही तास अंधूक दिसते. त्या काळात वाहन चालवू नये आणि शक्य असल्यास सोबत कोणाला तरी न्यावे.

तपासणी केव्हा करावी

• ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची दृष्टिपटल तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत करावी. बाळ अत्यंत अपुऱ्या दिवसांचे असल्यास ती दोन ते तीन आठवड्यांतच करावी लागते.
• शाळेत जाण्यापूर्वी, साधारण तिसऱ्या ते चौथ्या वर्षी एकदा आणि शालेय वयात दरवर्षी.
• वयाच्या ४० व्या वर्षी डोळ्यातील दाब व नेत्रमज्जेसह पूर्ण तपासणी आणि पुढे एक ते दोन वर्षांनी. कुटुंबात काचबिंदू असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याआधीपासून.
• प्रौढ वयात मधुमेहाचे निदान झाल्यास लगेच आणि नंतर दरवर्षी. मधुमेही स्त्रीने गर्भारपणाच्या सुरुवातीलाच.
• साठीनंतर दरवर्षी.

दैनंदिन सवयी

संगणक किंवा मोबाइलकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद सुमारे २० फूट अंतरावर पाहिल्याने डोळ्यांना विसावा मिळतो. पुस्तक डोळ्यांपासून साधारण एक फूट दूर धरावे आणि उजेड पुरेसा असावा.

गाजर, पपई, पालेभाज्या, शेवग्याचा पाला आणि अंडी यांतून अ जीवनसत्त्व मिळते. बालकांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दिल्या जाणाऱ्या अ जीवनसत्त्वाच्या मात्रा चुकवू नयेत. मात्र आहाराने किंवा डोळ्यांच्या व्यायामाने चष्म्याचा नंबर जात नाही. धूम्रपानामुळे मोतीबिंदूचा आणि वार्धक्यातील दृष्टिपटलविकाराचा धोका वाढतो.

हिवाळ्यात दिल्लीची हवा दूषित झाली, की डोळे चुरचुरणे व पाणी येणे वाढते. अशा वेळी डोळे चोळू नयेत, स्वच्छ पाण्याने धुवावेत. २०२३ च्या पावसाळ्यात दिल्ली आणि महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ पसरली होती. हात धुणे, रुमाल व टॉवेल वेगळे ठेवणे हे त्यावरील मुख्य उपाय आहेत. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. मध, गुलाबपाणी किंवा सुरमा डोळ्यात घालू नये. पानाच्या चुन्याची पुडी फुटून मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा होते, म्हणून ती त्यांच्या हाती लागू देऊ नये. चुना किंवा रसायन डोळ्यात गेल्यास तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुवावा आणि मगच रुग्णालय गाठावे.

तातडीची लक्षणे

अचानक नजर जाणे, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे वाटणे, एकाएकी काळे ठिपके व प्रकाशाचे चमकारे दिसणे, डोळा लाल होऊन तीव्र वेदना व उलटी होणे किंवा बालकाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

सरकारी कर्मचारी व निवृत्तिवेतनधारकांना १९५४ पासून दिल्लीत सुरू झालेल्या केंद्र सरकारी आरोग्य योजनेतून नेत्रोपचार मिळतात. इतर नागरिकांसाठी जिल्हा रुग्णालयांत नेत्रविभागाची सोय आहे. शाळांमधील तपासणीत दृष्टिदोष आढळलेल्या गरजू मुलांना राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. घराजवळच्या अशा सोयीचा लाभ त्रास सुरू होण्यापूर्वीच घेतल्यास अनेकांची दृष्टी वाचू शकते.