फोल्डिंग चाकू: उघडायचा कसा, धार कशी लावायची आणि कशाला हात लावायचा नाही

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर चार टाक्यांची खूण आहे. चाकू नवा, महागातला, आणि त्याच दिवशी मी तो स्वतः ‘सर्व्हिस’ केला होता. पार्सलचा जाड पुठ्ठा कापताना पातं अडकलं. ते मागे ढकलून सोडवायला गेलो, जोर पात्याच्या पाठीवर आला, लॉक सुटलं आणि पातं थेट बोटावर मिटलं. चूक चाकूची नव्हती. लॉकच्या फटीत खिशातल्या कापसाचा मळ तसाच राहिला होता आणि त्यावर मीच सढळ हाताने तेल सोडलं होतं.

म्हणून हा लेख. फोल्डिंग चाकू आत कसा चालतो, घरी काय करता येतं, काय करू नये आणि आपल्या भागात तो जवळ बाळगताना कायदा काय म्हणतो, हे सगळं एका जागी.

आत काय असतं?

बाहेरून दोनच गोष्टी दिसतात, पातं आणि मूठ. आत मात्र बरंच काही आहे.

- पिव्हट: ज्या स्क्रूभोवती पातं फिरतं तो. चाकू घट्ट की ढिला, हे इथे ठरतं.
- वॉशर किंवा बेअरिंग: पातं आणि मूठ यांच्यामधला थर. फॉस्फर ब्राँझचे वॉशर दणकट असतात, धूळ सहन करतात. बॉल बेअरिंगवर पातं जास्त हलकं फिरतं, पण त्यात कचरा लवकर अडकतो.
- लॉक: लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या मागे बसते. ही रचना मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने १९८० च्या दशकात आजच्या रूपात आणली. फ्रेम लॉकमध्ये मुठीचा एक भागच हे काम करतो. स्लिप जॉइंटमध्ये लॉक नसतं, फक्त स्प्रिंगचा दाब असतो. व्हिक्टोरिनॉक्सचे बहुतेक लहान चाकू या प्रकारचे.
- डिटेंट बॉल: लॉकच्या पट्टीत बसवलेली बारीक गोळी. मिटलेलं पातं खिशात आपोआप उघडू नये म्हणून ती असते.
- स्केल्स: मुठीच्या दोन बाजू. जी१० हे नाव बरेचदा दिसेल. काचेचं कापड आणि इपॉक्सी दाबून केलेलं हे साहित्य. तुमच्या फोनमधला सर्किट बोर्ड ज्या एफआर४ घराण्यातला आहे, त्याचाच हा सख्खा भाऊ. टायटॅनियमची मूठ असेल तर ते बहुतेक ग्रेड ५ असतं. आयफोन १५ प्रोच्या फ्रेममध्येही हाच ग्रेड आहे.

पोलाद: डी२ आपल्या ओळखीचं आहे

ऑनलाइन दीड-दोन हजारांपासून मिळणाऱ्या चाकूंवर ‘डी२’ लिहिलेलं असतं. भोसरी किंवा चाकणच्या कुठल्याही टूलरूममध्ये जाऊन हे नाव घ्या, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. गाड्यांचा पत्रा कापणारे पंच आणि डाय याच पोलादाचे करतात. तिथे त्याला एचसीएचसीआर असंही म्हणतात. म्हणजे कार्बन जास्त, क्रोमियम जास्त. त्यात साधारण १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं.

मग १२ टक्के क्रोमियम असूनही डी२ ला गंज का लागतो? कारण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी जोडी जमवून कार्बाइडच्या कठीण कणांमध्ये अडकतं. गंजापासून वाचवायला जे मोकळं क्रोमियम लागतं, ते कमी उरतं. त्याच कार्बाइडमुळे धार मात्र खूप टिकते.

महाग चाकूंमध्ये एस३०व्ही, एम३९०, मॅग्नाकट अशी नावं येतात. ही पावडर पद्धतीने बनवलेली पोलादं आहेत. वितळलेल्या धातूची आधी बारीक पावडर करतात, मग ती उष्णता आणि दाबाखाली एकजीव करतात. त्यामुळे कार्बाइडचे कण लहान आणि सारखे पसरलेले राहतात. मॅग्नाकट हे लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाचं पोलाद २०२१ मध्ये बाजारात आलं. त्यात धार टिकणं, चिवटपणा आणि गंजरोध या तिन्हींचा चांगला मेळ आहे.

तुम्हाला एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: पोलादाचं नाव ही अर्धीच माहिती. उरलेली अर्धी हीट ट्रीटमेंट. चांगला प्रोसेसर असलेला फोन खराब सॉफ्टवेअरमुळे अडखळतो, तसंच इथेही होतं.

उघडण्याआधी काय जवळ हवं?

- टी६, टी८ आणि मोठ्या पिव्हटसाठी टी१० असे स्टार बिट. मोबाइल रिपेअरिंगच्या किटमधले लहान बिट चालतात, पण झिजलेला बिट कधीही वापरू नका. स्क्रूचं डोकं एकदा गोल झालं की पुढचा अख्खा रविवार गेला.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, कानात घालायच्या काड्या.
- निळा थ्रेडलॉकर. लाल नको. लाल सोडवायला भरपूर उष्णता द्यावी लागते.
- पांढरा टॉवेल. त्यावर पडलेली बारीक गोळी पटकन दिसते आणि घरंगळत नाही.

आधी कंपनीची वॉरंटी वाचा. काही कंपन्या चाकू उघडला की वॉरंटी नाकारतात.

उघडा, पुसा, जोडा

१. आधी धारेवर टेपचे दोन-तीन थर लावा. हे आळसाने सोडू नका.

२. प्रत्येक पायरीला फोनने फोटो काढा. कुठला स्क्रू कुठे होता, वॉशरची कुठली बाजू वर होती, हे अर्ध्या तासाने आठवत नाही.

३. स्क्रू हलत नसेल तर जोर वाढवू नका. सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा. आतला थ्रेडलॉकर मऊ होतो. मग बिट सरळ उभा दाबून फिरवा.

४. सगळे भाग अल्कोहोलने साफ करा. लॉकची पट्टी पात्याला जिथे टेकते ती जागा आणि डिटेंट बॉलभोवतीची जागा नीट बघा. मळ तिथेच साठतो.

५. तेल फक्त वॉशर किंवा बेअरिंगला, तेही एकेक थेंब. लॉकच्या तोंडाला तेल लावायचं नाही. माझ्या बोटावरची खूण याचीच आहे.

६. जोडताना आधी मुठीचे स्क्रू, शेवटी पिव्हट. पातं डावी-उजवीकडे हलायचं थांबेपर्यंत पिव्हट आवळा, मग अगदी केसभर ढिला करा. जागा बरोबर सापडली की पिव्हटचा स्क्रू परत काढून आट्यांना थ्रेडलॉकरचा लहानसा ठिपका लावा, तसाच बसवा आणि रात्रभर वाळू द्या.

७. शेवटी लॉक तपासा. पातं उघडल्यावर पट्टी पात्याच्या मागच्या तोंडावर किमान पाव भाग तरी बसलेली दिसली पाहिजे. बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडावर हळू दाबा. पट्टी जराही सरकली तर तो चाकू वापरायचा नाही.

धार: सगळा खेळ कोनाचा

घरच्या आणि पार्सलच्या कामासाठी प्रत्येक बाजूला १५ ते २० अंशांचा कोन पुरतो. तो हाताला कसा कळणार? दहावीचं गणित काढा. पात्याची रुंदी गुणिले कोनाचा साइन, एवढी पात्याची पाठ दगडापासून वर हवी. २५ मिमी रुंद पातं आणि १७ अंश असतील तर २५ × ०.२९, म्हणजे सुमारे ७ मिमी. तेवढ्या जाडीच्या कागदांचा गठ्ठा पाठीखाली ठेवून बघा. हाताला अंदाज येतो.

आता धारेवर मार्करने रेघ मारा आणि दोन-तीन हलके हात फिरवा. रंग अगदी टोकाचा गेला तर कोन बरोबर. वरचाच गेला तर पाठ आणखी उचला.

बोथट धारेसाठी ४०० ग्रिट, नंतर १०००, हवं तर ३०००. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला धातूची बारीक बर येईपर्यंत. ती नखाला लागते. मग बाजू बदला. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर मागे ओढत बर काढा. एस३०व्ही किंवा एम३९० मध्ये व्हॅनेडियमचे कार्बाइड असतात. ते साध्या अॅल्युमिनाच्या दगडापेक्षा कठीण, म्हणून डायमंड प्लेट घ्या. डी२ साध्या चांगल्या दगडावरही होतं, फक्त धीर हवा.

धार झाली का बघायला बोट फिरवू नका. फोनचा टॉर्च धारेवर समोरून मारा. जिथे पांढरी चमक दिसते तिथे ती अजून बोथट आहे. खरी धार प्रकाश परत फेकत नाही.

बेंच ग्राइंडर नको

हीसुद्धा माझीच करामत. मामा भोसरीत टूलरूममध्ये आहे. रविवारी त्याच्या शेडमधल्या ग्राइंडरवर मी पाच मिनिटांत धार काढायला गेलो. टोकाजवळ निळसर पट्टा उमटला. मामाने पातं हातात घेतलं आणि एवढंच म्हणाला, “पाणी उतरलं रे याचं.”

पोलाद कडक केल्यावर ठरावीक तापमानाला टेंपर करतात. धार पातळ असल्यामुळे कोरड्या चाकावर ती काही सेकंदांत त्या तापमानाच्या पुढे जाते. निळा रंग दिसला म्हणजे तिथला कडकपणा गेला. इलाज एकच, तो भाग ओल्या दगडावर सावकाश घासून टाकायचा. माझं पातं दोन मिमीने अरुंद झालं. गल्लीत धारवाला आला तर विळी-सुरीला जरूर द्या, पण हा चाकू देऊ नका.

पावसाळा आणि गंज

जून ते सप्टेंबर ओलसर हवा, त्यात खिशातला घाम. डी२ वर दोन दिवसांत ठिपके येऊ शकतात. कांदा किंवा लिंबू कापलंत तर लगेच धुऊन पूर्ण कोरडं करा. मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन पात्याला पुसटसं लावा. ते खाण्याच्या वस्तूंजवळही चालतं. गोडं तेल लावू नका, ते काही आठवड्यांत चिकट होतं. खोबरेल तर थंडीत गोठतं. डब्ल्यूडी-४० सफाईला ठीक आहे, पिव्हटला कायमचं तेल म्हणून नाही. पिव्हटला शिलाई मशीनचं तेल चालेल.

मॉडिफिकेशन: काय करावं, काय नाही

सोपं आणि सुरक्षित: क्लिप बदलणं, स्केल्स बदलणं, नवे स्क्रू, नवे वॉशर.

थोडं पुढचं: टायटॅनियमच्या भागांना रंग देणं. यात रंग लावत नाहीत. पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून त्यातून डीसी करंट सोडला की टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो. पावसात रस्त्यावर सांडलेलं तेल जसं रंगीत दिसतं, तसाच हा प्रकाशाचा खेळ. थराची जाडी व्होल्टेजवर ठरते. ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की साधारण निळा येतो. चाकू पूर्ण सुटा करा, पोलादाचा एकही भाग पाण्यात नको, हातात रबरी मोजे हवेत. क्लिपवर करून बघा. भिंतीतल्या विजेशी मात्र हा प्रयोग कधीही करू नका.

करूच नये: लॉकचं तोंड कानशीने घासणं, डिटेंटशी खेळणं, पट्टी वाकवून ‘सॉफ्ट’ करणं. धातू घासून काढला की परत लावता येत नाही.

कायदा: हे वगळू नका

शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या २०१६ च्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. आपला तीन इंची चाकू या मापात बसत नाही. पण गोष्ट इथे संपत नाही.

पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं. चाकण आणि हिंजवडीही त्यातच येतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली आयुक्तालय सण, मोर्चे, निवडणुकांच्या काळात मनाई आदेश काढतं. त्यात सुऱ्यांपासून काठ्यांपर्यंत, इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू जवळ बाळगायला बंदी असते. तिथे पात्याची लांबी मोजली जात नाही.

वातावरणही लक्षात घ्या. एप्रिल २०२२ मध्ये दिघीत कुरिअरने आलेल्या नव्वदहून जास्त तलवारी पोलिसांनी पकडल्या होत्या. कोयत्याच्या बातम्या तर आपण रोज वाचतो. अशा शहरात रात्री अकराला नाकाबंदीत खिशातून चाकू निघाला, तर “मला पोलाद आवडतं” हे उत्तर कुणाला पटेल? म्हणून माझा चाकू घरात किंवा टूलबॉक्समध्ये असतो, खिशात नाही. विमानात केबिन बॅगेत तो चालतच नाही. आणि चाकू हातात घेऊन रील टाकणं म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच अपलोड करणं.

किती दिवसांनी काय?

- वापरल्यावर दर वेळी: पुसा, कोरडं करा.
- दर आठवड्याला: लॉक आणि पिव्हट तपासा.
- दर महिन्याला: चामड्याच्या पट्ट्यावर धार, पात्याला पुसट तेल.
- वर्षातून एक-दोनदा, शक्यतो पावसाळ्यानंतर: पूर्ण उघडून सफाई.

पहिल्यांदा उघडणार असाल तर महाग चाकूवर हात साफ करू नका. स्वस्तातला डी२ घ्या, तो तीन वेळा उघडा आणि जोडा. तिसऱ्या वेळी एकही स्क्रू उरला नाही, तर मग महागाकडे वळा.