औषध दारात, उपचार दूर

मनोविकारावरची गोळी रुग्णाने मध्येच सोडली की दोष त्याच्या अज्ञानाला नाहीतर लोकलाजेला दिला जातो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीच्या बाबतीत हा निवाडा अपुरा आहे, कारण मागे मराठवाड्याचा इतिहास आहे. निजामाच्या अमलात हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय जालन्यात होते. पुढे ते हैदराबादला एर्रागड्ड्यात हलले, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, मनोरुग्णालय मात्र तिकडेच राहिले. महाराष्ट्राची चार मनोरुग्णालये नागपूर, ठाणे, पुणे आणि रत्नागिरीत, म्हणजे चारही जुन्या इंग्रजी मुलखात. गंगापूर तालुक्यातल्या वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, औषध कंपन्याही आल्या, गावोगावचे कामगार आले. पण मनोरुग्णालय गेल्याची पोकळी भरली नाही.

असे मनोरुग्णालय गेले तर बिघडले काय, असे कोणी विचारील. कोंडून ठेवणे हाच तेव्हाचा मुख्य उपाय होता, हे खरेच. पण १९४९ मध्ये लिथियमचा आणि १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिनचा गुण दिसला, आणि घरी राहून बरे होण्याची वाट खुली झाली. या वाटेला भिंती लागत नाहीत, पण जवळचा डॉक्टर लागतो. नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला काही आठवडे जातात. त्याआधीच ‘फरक नाही’ म्हणून माणूस ती बंद करतो. झोपेची किंवा चिंतेची गोळी बरेच दिवस घेऊन एकदम तोडली तर झटकेही येऊ शकतात. लिथियमला रक्ततपासणी लागते, आणि भट्टीजवळ घाम गाळणाऱ्याच्या शरीरातले पाणी कमी झाले तर त्याचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाते.

मग कायदा आहे ना? २०१४ पासून अल्प्राझोलामसारख्या गोळ्या ‘एच-१’ यादीत आहेत. दुकानदाराने डॉक्टरचे, रुग्णाचे आणि औषधाचे नाव वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. पण वहीला विक्री कळते, डोस चुकलेला कळत नाही. शहरात सरकारी घाटी रुग्णालय आहे, असेही म्हणता येईल. आहेच, पण पाळीवर काम करणाऱ्याला दर फेरीला खाडा पडतो, आणि कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे बुडालेला रोज. लोकलाज खोटी नाही, मात्र उपचारासाठी रजेचे कारण सांगावे लागले की ती वाढतेच. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने ही सेवा प्राथमिक आरोग्याशी जोडायचे ठरवले होते, आणि २०१७ च्या कायद्याने ती हक्क म्हणून मान्य केली. तो हक्क वसाहतीच्या दारात, पाळीच्या वेळा सांभाळून मिळाला पाहिजे. मागणी एवढीच आहे. तोवर १४४१६ या टेलि-मानस या सरकारी मदतसेवेच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते. गोळी कमी-जास्त किंवा बंद करायची असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.