चार सेकंदांचे पंधरा महिने

परवा शनिवारी दुपारी मस्त ताणून द्यायचा बेत होता. त्याऐवजी मियाझाकीचा 'द विंड रायझेस' (२०१३) पुन्हा एकदा लावला. त्यात १९२३च्या कांतो भूकंपानंतर घाबरून पळणारी गर्दी आहे. त्यातला एक शॉट जेमतेम चार सेकंदांचा. तो काढायला एइजी यामामोरी या अ‍ॅनिमेटरला लागले एक वर्ष आणि तीन महिने! आमच्या हापिसात कुणी असं एस्टिमेट दिलं तर मॅनेजर खुर्चीतून पडेल.

पण जरा गणित करून बघा. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम्स. एक चित्र दोन फ्रेम्स वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं. म्हणजे दीड तासाच्या सिनेमात सतत हलणाऱ्या एकाच पात्राची ६४,८०० चित्रं झाली. पूर्वी प्रत्येक चित्र सेलवर, म्हणजे पारदर्शक पातळ प्लास्टिकवर उतरवायचं, मागच्या बाजूने रंगवायचं, खाली रंगवलेलं दृश्य ठेवायचं आणि वरून फोटो काढायचा. आता त्यात गर्दी घाला!

जपानने हे गणित दोन तऱ्हांनी सोडवलं.

पहिली तऱ्हा तोएई स्टुडिओची: भरपूर चित्रं काढा. त्यांचा १९५८चा 'हाकुजादेन' हा जपानचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट. शाळकरी मियाझाकी तो बघून भारावला आणि १९६३ मध्ये तोएईतच नोकरीला लागला.

दुसरी तऱ्हा ओसामु तेझुकाची. १ जानेवारी १९६३ला त्याचा 'अ‍ॅस्ट्रो बॉय' टीव्हीवर सुरू झाला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, मग चित्रं वाचवणं आलंच. एक चित्र तीन फ्रेम्स चालवायचं. बोलताना फक्त ओठ हलवायचे. उडण्याची, धावण्याची सेल्स 'बँके'त जपून ठेवायची आणि पुन्हा वापरायची. आपल्या भाषेत सांगायचं तर चक्क कोड रीयूज! माझ्यातला इंजिनियर इथे टाळ्या वाजवतो. पण तेझुकाने हे भाग स्वस्तात विकले आणि पुढे सगळ्यांनाच त्या भावात काम करावं लागलं, असा ठपका मियाझाकीनेही त्याच्यावर ठेवला.

मग मियाझाकीची तऱ्हा फुकट होती का? छे! 'प्रिन्सेस मोनोनोके'साठी (१९९७) सुमारे १,४४,००० सेल्स लागली. त्यातल्या जवळपास ८०,००० चित्रांवरून त्याने स्वतः हात फिरवला असं सांगतात. त्या सिनेमाच्या प्रमुख अ‍ॅनिमेटर्सपैकी एक होता योशिफुमी कोंदो. त्याने १९९५ मध्ये 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' दिग्दर्शित केला होता आणि मियाझाकीचा वारसदार म्हणून लोक त्याच्याकडे बघत होते. जानेवारी १९९८ मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी, तो गेला. कामाच्या ताणाने गेला, असंच तेव्हा बहुतेकांचं म्हणणं होतं.

इथे माझं डोकं जरा अडकतं. वाचवलेल्या चित्रांची किंमत अ‍ॅनिमेटरच्या पगारातून गेली आणि उधळलेल्या चित्रांची त्याच्या तब्येतीतून. रात्री दोन वाजता रिलीज करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावायला नको.

असो. १९९९ पासून जिब्ली स्टुडिओत रंगकाम कॉम्प्युटरवर गेलं. टीव्हीवरची 'साझाए-सान' मालिका सेल्सना धरून बसली होती, तिनेही २०१३ मध्ये ती सोडली. पेन्सिल मात्र सुटली नाही. २०२४ मध्ये ऑस्कर मिळालेला 'द बॉय अँड द हेरॉन'ही मुख्यतः हातानेच काढलेला.

ती चार सेकंदं मी थांबवून थांबवून पुन्हा बघितली. केवढी माणसं, आणि प्रत्येकाची घाई निराळी. कॉपी-पेस्ट कुठेच सापडेना.

शेवटी नावं सरकायला लागली की एरवी मी रिमोट शोधतो. परवा नाही शोधला.