शोधशब्दांचा आलेख आणि वर्गातील पाठ

दर वर्षअखेरीस 'गुगल' गाजलेल्या शोधशब्दांची यादी जाहीर करते. ही यादी सर्वाधिक शोधलेल्या शब्दांची नसते. आदल्या वर्षाच्या तुलनेत ज्यांचा शोध झपाट्याने वाढला, त्यांची असते. हा फरक समजावून शिक्षकांना यातून उत्तम पाठ घेता येतो.

'गुगल ट्रेंड्स'वर २००४ पासूनचे आलेख पाहता येतात. त्यात सर्वोच्च बिंदू १०० मानून इतर आकडे त्या प्रमाणात दिलेले असतात. विद्यार्थ्यांनी आधी अंदाज वहीत लिहावा, मग आलेख पाहावा.

पुण्याच्या बुधवार पेठेतील दोन नावे यासाठी घेता येतील. पहिले, 'दगडूशेठ गणपती'. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, तर २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. आलेखाचे शिखरही तसे सरकते का? दुसरे, 'भिडे वाडा'. फुले दांपत्याने १८४८ मध्ये येथे मुलींची शाळा सुरू केली. स्मारकासाठी ही वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली. त्या महिन्यात रेषा किती चढली? इतर महिन्यांत शून्य दिसले, तरी कोणीच शोध घेतला नाही असे नव्हे. नोंद अत्यल्प असली तरी शून्यच दिसते.

आलेख कुतूहल मोजतो, महत्त्व नव्हे, हे मुलांना उमगले की पाठ सार्थकी लागला.