आटत्या झऱ्याचे गणित

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत पाऊस भरपूर पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मग साखरशेतच्या परिसरात जानेवारीत एखादा झरा वाहताना दिसला, तर ते पाणी कोठले? ते पावसाचेच, पण काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि मुरमात मुरलेले. ते मेपर्यंत पुरेल का, हे जानेवारीत सांगता येईल का?

या प्रश्नाचा धागा १८५६ सालापर्यंत मागे जातो. फ्रान्समधील दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहिलेल्या हेन्री डार्सी या अभियंत्याने वाळूतून पाणी सोडून पाहिले. पातळीतील फरक दुप्पट केला की प्रवाहही दुप्पट होतो, असे त्याला आढळले. म्हणजेच भूजलाची पातळी उतरेल तसा झराही मंदावणार.

पण किती वेगाने? याचे गणित बूसिनेस्कने १८७७ आणि १९०४ मध्ये मांडले. पाणी धरणारा थर खोल असेल, तर प्रवाह ठरावीक मुदतीत निम्मा होत जातो. थर उथळ असेल, तर पातळीबरोबर वाहत्या पाण्याची जाडीही घटते आणि निम्मे होण्याची मुदत लांबत जाते. १९०५ मध्ये माये याने पॅरिसला पाणी पुरवणाऱ्या वान नदीच्या झऱ्यांवर ही दोन्ही सूत्रे पडताळून पाहिली.

आता आपण एक उदाहरण घेऊ. समजा, झऱ्यातून १ जानेवारीला मिनिटाला १६० लिटर पाणी येते आणि १ फेब्रुवारीला ८०. पहिल्या सूत्राने १ मेला मिनिटाला १० लिटर उरेल, दुसऱ्याने सुमारे २३. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर पहिल्या हिशेबाने साधारण २६० माणसांची सोय होईल, दुसऱ्याने ६०० माणसांची. एवढा फरक पाडा-वस्तीला परवडणारा नाही.

निवाडा तिसरे मोजमाप करते. १ मार्चला ४० लिटर भरले तर पहिले सूत्र लागू, ४८ च्या आसपास भरले तर दुसरे. अर्थात, मध्ये अवकाळी पाऊस झाला किंवा वरच्या अंगाला उपसा वाढला, तर हिशेब नव्याने करावा लागेल.

यासाठी मापाची बादली, सेकंदकाट्याचे घड्याळ आणि एक वही पुरते. आपल्या शाळेजवळच्या झऱ्याची अशी नोंद विद्यार्थी सहज ठेवू शकतील. टंचाईचा अंदाज तेव्हा मार्चमध्येच हाती येईल.