नदीचे दोन काठ आणि जुन्या पुस्तकाची एक प्रत

१/
गंगापूर तालुक्यात कायगावपाशी गोदावरीला प्रवरा येऊन मिळते. पलीकडच्या तीरावर टोका आणि प्रवरासंगम. आज ही दोन जिल्ह्यांची सीमा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र येथे दोन राजवटी समोरासमोर होत्या : उत्तरेस निजामाचे हैदराबाद संस्थान, दक्षिणेस मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्हा. त्या शतकाच्या इतिहासाची आणि समाजाची जुनी पुस्तके जमवू पाहणाऱ्याने ही नदी आधी समजून घ्यावी.

२/
१८८४ हे एकच वर्ष पाहा. त्या वर्षी मुंबई सरकारचे अहमदनगर जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले आणि निजाम सरकारच्या आज्ञेने औरंगाबादचेही निघाले. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही मुंबईत छापलेली. गंगापूरच्या कुणब्याच्या मुलखाचे वर्णन करणारे हे पुस्तक त्याच्या भाषेत नव्हते आणि त्याच्या राज्यात छापलेलेही नव्हते.

३/
दक्षिण काठावर छापील अक्षर लवकर रुजले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले आणि १८४२ मध्ये तेथून ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. पुढे ब्रिटिश हद्दीत १८६७ चा २५ वा कायदा आला. पुस्तकावर मुद्रकाचे नाव व छापल्याचे ठिकाण घालणे आणि प्रती सरकारात जमा करणे बंधनकारक झाले. या नोंदींवरून दर तिमाहीस सूची निघू लागल्या. म्हणूनच १८६७ पर्यंतच्या मराठी मुद्रित ग्रंथांना अभ्यासकांनी ‘दोलामुद्रिते’ असे वेगळे नाव दिले.

४/
उत्तर काठावर त्या कायद्याचा अंमल नव्हता. दरबारी कारभार फारसीत चाले आणि १८८४ पासून तो उर्दूत आला. मराठी ग्रंथ यायचे ते बहुधा पुण्या-मुंबईच्या छापखान्यांतून. पुस्तक छापले गेले एवढे ब्रिटिश सूची सांगते. ते नदी ओलांडून कोणाच्या हाती पडले, कोणी वाचले आणि कोणी जपले, हे ती सांगत नाही. त्याची साक्ष देऊ शकते ती फक्त वापरलेली, हात लागलेली प्रत.

५/
जुन्या प्रतीचे खरे मोल येथे आहे. शीर्षकपानावरील वर्ष बहुधा शकातले असते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो (पौष ते फाल्गुन या महिन्यांतील तारीख असेल, तर बहुधा ७९). शके १८०४ म्हणजे १८८२. मात्र मालकाच्या सहीखाली किंवा वाचनालयाच्या शिक्क्यात १३०४ असा आकडा दिसला, तर थबकावे. तो फसली सन असू शकतो. हैदराबाद संस्थानात तोच चाले, आणि त्यात ५९० मिळवले की ढोबळमानाने इसवी सन मिळतो : १८९४. पुण्यात छापलेल्या पुस्तकावर फसली सन असेल, तर त्या प्रतीने नदी ओलांडल्याची ती खूण होय.

६/
एखादी प्रत टिकण्याने काय साधते? उदाहरण जवळचेच आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत ९ आणे. सुरतेतील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेच्या खटल्यानंतर वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला दूषणे दिली, तेव्हा संतापून लिहिलेला हा ग्रंथ. जोतीराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक विस्मृतीत गेले.

७/
९३ वर्षांनी, १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. मराठीतील स्त्रीविषयक विचाराचा इतिहास त्यानंतर नव्याने मांडावा लागला. ५०० प्रतींपैकी एकही उरली नसती, तर ताराबाईंचा युक्तिवाद त्यांच्याच शब्दांत आज कोणालाच वाचता आला नसता.

८/
शोध घेणाऱ्याच्या हाती एक साधन अवश्य असावे : शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांचा, तर दुसरा १९३८ ते १९५० चा. पानाचा कोपरा फाटला असेल, वर्ष उडाले असेल, तर लेखकाच्या नावावरून पुस्तकाची ओळख या सूचीत पटू शकते.

९/
दुसरी सावधगिरी आवृत्तीची. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा १८५७ च्या धामधुमीचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत. तो १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी छापला, पण मूळ मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. जुन्या बाजारात नाव एकच दिसते, आत मात्र दोन वेगळे पाठ असतात. दोन्ही जवळ ठेवावेत. गोडसे भटजींनी काय लिहिले हे एकातून कळते, आणि १९०७ च्या संपादकाला काय बदलावेसे वाटले हे दुसऱ्यातून.

१०/
जुने तेवढेच मोलाचे, हाही भ्रम सोडावा. फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून पूर्ण झाला, पण ‘दीनबंधु’त त्याचा आरंभीचा थोडाच भाग छापला गेला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेलाच नाही. धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादित केलेले ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये काढले आणि हे सारे लेखन एका बांधणीत सामान्य वाचकापर्यंत पोहोचले. त्याची मळकी, रेघोट्या मारलेली प्रत कमी दामात मिळाली, तरी अभ्यासाला ती अपुरी नाही.

११/
म्हणून संग्राहकासाठी काही नियम. शिक्का खरवडू नये. सही असलेले कोरे पान फाडू नये. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा डिंक कागद पिवळा पाडतो. पुस्तक कोणत्या गावातून, कोणत्या घरच्या माळ्यावरून, कोणत्या रद्दीच्या ढिगातून आले, ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवावे. वाचनालयाचा शिक्का असून प्रत रद्द केल्याची खूण नसेल, तर आधी त्या वाचनालयाला विचारावे. संग्रह करण्याचा छंद दुसऱ्याचे कपाट रिकामे करणारा नसावा.

१२/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि गोदावरीवरची राज्याची सीमा पुसली गेली. नोंदींतील अंतर मात्र पुसले गेले नाही. दक्षिण काठाच्या वाचनाचा इतिहास लिहिणाऱ्यापाशी निदान आरंभाला सरकारी सूची आहे. उत्तर काठाच्या इतिहासकाराला वाडे, माळे आणि रद्दीची दुकाने धुंडाळावी लागतात.

१३/
रद्दीवाला पुस्तक तोलतो तेव्हा काट्यावर फक्त कागदाचे वजन येते. शीर्षकपानाच्या कोपऱ्यातील फिकट सही, तिच्याखालचे गावाचे नाव आणि फसली सन यांना त्या काट्यावर वजन नसते. गंगापूर, वैजापूर, पैठणच्या एखाद्या घरात असे पुस्तक अजूनही गाठोड्यात असू शकेल. ते काट्यावर चढण्यापूर्वी त्याचे पहिले पान एकदा उघडून पाहावे.