वायुरोधाचे प्रकार : एका वर्गीकरणाचा इतिहास

विमानाच्या गतीस हवेकडून होणारा विरोध म्हणजे वायुरोध होय. पाठ्यपुस्तकांत त्याचे घर्षणजन्य, आकारजन्य, प्रवर्तित व तरंगजन्य असे प्रकार आढळतात. हे वर्गीकरण केवळ अध्यापनाच्या सोयीसाठी झालेले नसून सिद्धांत व अनुभव यांच्यातील विसंगतीतून ते टप्प्याटप्प्याने घडत गेले आहे.

घर्षणरहित प्रवाहात समान वेगाने जाणाऱ्या वस्तूला मुळीच विरोध होऊ नये, असा निष्कर्ष फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांच्या १७५२ मधील ग्रंथातून निघाला. अनुभव याच्या अगदी उलट होता. हा विरोधाभास उलगडण्याची दिशा लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत दाखविली. हवेचा चिकटपणा अल्प असला, तरी पृष्ठभागालगतच्या पातळ सीमास्तरात त्याचा प्रभाव निर्णायक ठरतो. या स्तरातील घर्षणाने एक रोध निर्माण होतो. स्तर पृष्ठभागापासून सुटला, की मागे कमी दाबाचा भोवऱ्यांचा पट्टा तयार होऊन आकारजन्य रोध वाढतो.

प्रवर्तित रोध ही उत्थापनाचीच किंमत होय. पंखाखालील अधिक दाबाची हवा टोकांवरून वर वळते व भोवरे निर्माण होतात. त्याचे गणित प्रांटल यांनी १९१८-१९ मध्ये ग्योटिंगेन येथे मांडले. समपातळीवरील उड्डाणात वेग वाढला की हा रोध घटतो, तर घर्षणजन्य व आकारजन्य रोध वाढतात.

घर्षणजन्य व प्रवर्तित रोध अटळ मानले, तरी तत्कालीन विमानांची बरीच शक्ती आकारजन्य रोधापायी वाया जाते, हे केंब्रिजचे मेल्व्हिल जोन्स यांनी १९२९ मध्ये दाखवून दिले. तारा, टेकू व उघडी चाके यांचा हिशेब त्यामुळे स्पष्ट झाला. घर्षणाच्या प्रत्यक्ष मापनावरील सतीश धवन यांचा अहवाल अमेरिकेत १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी उडालेले वायएफ-१०२ हे अमेरिकी लढाऊ विमान समपातळीवर ध्वनिवेग ओलांडू शकले नाही. आघात-तरंगांमुळे उद्भवणारा तरंगजन्य रोध आड येत होता. रिचर्ड व्हिटकॉम्ब यांच्या क्षेत्रफळ-नियमानुसार विमानाचा मधला भाग कमरेसारखा निमुळता करण्यात आला आणि डिसेंबर १९५४ मध्ये सुधारित विमानाने तो वेग ओलांडला.

एकंदरीत, वायुरोध एकसंध मानला जात होता तोवर अधिक शक्तिशाली इंजिन हाच ठळक उपाय दिसत होता. त्याचे प्रकार वेगळे ओळखता आल्यावर प्रत्येकाचा स्वतंत्र उपाय शोधणे शक्य झाले. या वर्गीकरणाचे ऐतिहासिक महत्त्व यातच आहे.